वास सांभाळणारी अवजारं

इंग्लंडमध्ये जॉर्ज रोमानेस नावाचा निसर्गशास्त्रज्ञ होता, डार्विनचा तरुण स्नेही. त्याच्याकडे एक सेटर जातीची कुत्री होती आणि ती धन्याचा माग कितीही गर्दीतून अचूक काढायची. रोमानेसने बारा माणसं एकामागे एक चालवली. प्रत्येकाने पुढच्याच्या पावलावर पाऊल ठेवायचं, सर्वांत पुढे तो स्वतः. दोनशे यार्डांवर रांग फुटली, अर्धी माणसं उजवीकडे आणि अर्धी डावीकडे गेली. तरी कुत्रीने धन्याची वाट शोधून काढलीच. मग त्याने बूट बदलून पाहिले. परक्या माणसाने त्याचे बूट घातले तेव्हा कुत्री परक्याच्या मागावर धावली.

म्हणजे वास बुटाचा होता. शेवटी त्याने बुटांच्या तळाला आणि बाजूंना तपकिरी कागद चिकटवला. आता कुत्रीला माग लागेना. पुढे एका टाचेखालचा कागद जरासा झिजला होता, आणि नेमक्या त्या जागी तिला वास मिळाला. हे प्रयोग १८८७ साली प्रसिद्ध झाले.

कुत्र्यांच्या गंधशोधाची साधनं निवडताना आजही जो प्रश्न पडतो, तो त्या कागदात आहे: एक वास दुसऱ्यापासून वेगळा ठेवायचा कसा? गळपट्टा, दोरी, डब्या, खोकी, चिमटे ही सगळी सामग्री या एका प्रश्नाभोवती जमत गेली. कुत्र्याचं नाक मुळात तयारच असतं. जपायचं असतं ते माणसाच्या हातापासून.

१८८८च्या ऑक्टोबरात लंडन ‘जॅक द रिपर’च्या खुनांनी हादरलेलं असताना पोलीस आयुक्त सर चार्ल्स वॉरन यांनी बार्नबी आणि बर्गो या दोन ब्लडहाउंडांची चाचणी घेतली. रीजंट्स पार्कात आणि हाइड पार्कात झालेल्या या चाचण्यांत खुद्द वॉरन पळणाऱ्या गुन्हेगाराच्या भूमिकेत उतरले. बागेत कुत्र्यांनी बरं काम केलं, पण प्रत्यक्ष तपासात त्यांचा उपयोग झाला नाही. हजारो पावलं पडणाऱ्या गल्लीत कोणता वास धरायचा, हे त्यांना सांगणार कसं?

खेळाच्या रूपात हे कसब अमेरिकेत रुजलं. १९३३ साली हेलन व्हाइटहाउस वॉकर या पूडल पाळणाऱ्या बाईंनी न्यूयॉर्कजवळ माउंट किस्को इथे आज्ञापालनाची पहिली स्पर्धा भरवली. १९३६मध्ये अमेरिकन केनेल क्लबने नियम बांधले, त्यांत माग काढणंही आलं. त्यासाठी हार्नेस आणि लांब दोरी लागे. आजचा दोरीचा नियम २० ते ४० फुटांचा आहे. वासावरून वस्तू ओळखायच्या चाचणीत धातूचे आणि चामड्याचे डंबेल वापरतात, प्रत्येकावर क्रमांक. धनी त्यांतलं एक हातात चोळतो, पंच ते स्वतःचा हात न लावता इतरांच्या घोळक्यात ठेवतो आणि कुत्र्याने तेवढंच उचलून आणायचं. पंचाने तिथे बोट टेकवलं, तर परीक्षाच नासते.

आज घराघरांत पोचलेला ‘नोज वर्क’ हा वास हुडकायचा खेळ मात्र २००६चा, कॅलिफोर्नियातला. रॉन गाँट, एमी हेरोट आणि जिल मरी ओब्रायन या शोधश्वानांच्या प्रशिक्षकांनी तो घडवला. मुंबईकरांना १९९३च्या स्फोटांनंतर ३,३२९ किलो आरडीएक्स हुडकून देणारा पोलिसांचा कुत्रा ‘झंजीर’ आठवेल. तेच कसब इथे स्फोटकांऐवजी बर्च, अ‍ॅनिस आणि लवंगेच्या तेलावर आलं. अमेरिकन केनेल क्लबने २०१७मध्ये स्वतःच्या स्पर्धा सुरू केल्या आणि सायप्रस वृक्षाच्या तेलाची भर घातली. स्वीडनने निलगिरी, लॉरेल आणि लॅव्हेंडर निवडले.

या खेळाची सामग्री पाहिली तर आश्चर्य वाटतं, इतकी ती साधी आहे. सुरुवात पुठ्ठ्याच्या खोक्यांनी होते. एका खोक्यात कुत्र्याचा आवडता खाऊ, बाकीची रिकामी. पुढे खाऊच्या जागी तेल येतं. कान कोरायच्या कापसाच्या काडीला तेल लावून तिचा तुकडा भोकं पाडलेल्या पत्र्याच्या डबीत ठेवतात. डबीला चुंबक असलं की ती गाडीच्या पत्र्याला चिकटते. काडी चिमट्याने धरायची, हातमोजे घालायचे आणि वास लागलेली खोकी कोऱ्या खोक्यांत कधीच मिसळायची नाहीत. रोमानेसच्या कागदाला पडलेलं भोक लहानसंच होतं, हे इथे आठवावं.

हार्नेसचं कामही निराळं आहे. बरेच लोक तो फक्त शोधाच्या वेळीच घालतात, म्हणजे तो अंगावर चढला की कुत्र्याला काम कळतं. दोरी मात्र जपून धरावी लागते, नाहीतर माणसाचाच अंदाज कुत्र्यापर्यंत पोचू शकतो. २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी १८ शोधश्वान आणि त्यांचे हस्तक तपासले. शोधायचा वास कुठेच ठेवलेला नव्हता, पण लाल कागद दिसेल तिथे तो आहे असं हस्तकांना सांगितलं होतं. तरी ‘कुत्र्याने दाखवलं’ असं त्यांनी पुन्हा पुन्हा नोंदवलं. असं होऊ नये म्हणून नोज वर्कच्या स्पर्धेत डबी कुठे लपवली आहे, हे धन्याला सांगत नाहीत.

तेव्हा आपल्या कुत्र्याला हा खेळ शिकवायचा असेल, तर भारी हार्नेसच्या आधी पैसे घट्ट झाकणाच्या बाटल्या, हातमोजे, दोन चिमटे आणि वेगवेगळ्या खुणांच्या खोक्यांवर घालावेत. डबी कुणा दुसऱ्याला लपवायला सांगावी आणि दोरी सैल सोडावी.