वाळूतला वेल

चेन्नईहून ईस्ट कोस्ट रोडने महाबलीपुरमला निघालात, की गाव यायच्या थोडं आधी सालुवनकुप्पमला उतरा. बाकीचे वाघगुहेपाशी फोटो काढत थांबतील. तुम्ही तसेच पुढे चाला. कुंपणाच्या आत खड्ड्यात उघडी पडलेली विटांची बुटकी भिंत दिसेल. एवढ्यासाठी आलो का, असं वाटेलही. वाटू द्या. इथे बघायचं ते खाली खाली जात.

पहिली पायरी २६ डिसेंबर २००४ची. त्सुनामीची लाट परतते आहे आणि जाताना वाळू ओरबाडून नेते आहे. कालपर्यंत नुसता खडक होता, त्यावर आज अक्षरं दिसताहेत. पुढच्याच वर्षी पुरातत्त्व खात्याची माणसं इथे खणायला लागतात, कारण अक्षरांत एका मुरुगन मंदिराचा उल्लेख आहे आणि मंदिराचा तर पत्ताच नाही.

आणखी खाली उतरा. नववं शतक, पल्लवांचं राज्य. गावाचं नाव तिरुविळ्चिल. कार्तिकातली संध्याकाळ, तेलाचा वास. दिव्यांच्या सणासाठी गावातल्या एकाने दहा कळंजू सोनं दिलंय, असं इथला एक कोरीव लेख सांगतो. कळंजू हे सोनं तोलायचं माप. दुसऱ्या लेखात सोळा कळंजू आहेत, एक दिवा तेवत राहावा म्हणून, आणि देणारी बाई आहे. तुम्ही चमकता. मुरुगन म्हणजे आपला कार्तिकस्वामी. आपल्याकडे तो ब्रह्मचारी, बायकांनी त्याचं तोंड बघायचं ते फक्त कार्तिकी पौर्णिमेच्या कृत्तिका योगावर. इथे तोच देव दोन बायकांचा नवरा, आणि त्याच्या दिव्याचं तेल एका बाईच्या सोन्यातून येतं!

आता शिंपल्यांचा थर. पाय जपून ठेवा. समुद्र इथे आधीही येऊन गेलाय. पल्लवांनी आपलं देऊळ उभारलं ते एका मोडलेल्या देवळावर, जागा न बदलता. इंग्लंडात बाथच्या गरम पाण्याच्या झऱ्यावर रोमनांनी असंच केलं. तिथली केल्टिक देवी सुलिस त्यांनी हाकलली नाही, आपल्या मिनर्व्हाला तिच्याशी जोडून घेतलं. मुरुगनलाही उत्तरेचा स्कंद असाच येऊन मिळाला. पण तुम्ही उतरताय ते त्या भेटीच्याही आधी.

तळाशी विटा. सत्तावीस थर रचलेला गाभारा, जेमतेम दोन मीटर लांब आणि सव्वादोन मीटर रुंद. आपली माजघराची खोली याहून मोठी असते. खोदणाऱ्यांच्या मते हे संगमकाळातलं, म्हणजे सर्वांत जुन्या तमिळ कवितांच्या काळातलं काम. अशाच विटा पुदुच्चेरीजवळ अरिकमेडूला निघाल्या, जिथे रोमन भांडी सापडली. दाराशी दगडी वेल रोवलाय. आपल्याकडे वेल मांडवावर चढतो, इथे वेल म्हणजे मुरुगनचा भाला.

अंधार पडतोय. संगम कवितांमधला तो वेलन् आला, हातात भाला घेतलेला पुजारी. राळ्याचे दाणे रक्तात कालवून उधळले जातात, ढोल वाजतो, आणि वेलन् घुमायला लागतो. जागरण-गोंधळ पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पलीकडे बायका हात धरून फेर धरतात. त्याला कुरवै म्हणतात; खणताना मिळालेल्या भाजक्या मातीच्या फलकावर तो तसाच उमटलाय. भोंडला आठवतो खरा, फक्त मधे पाटावरचा हत्ती नाही.

एक गोष्ट मात्र खटकते. देवळाचं तोंड पूर्वेला नाही, पश्चिमेलाही नाही, उत्तरेला आहे. शिल्पशास्त्राचे नियम ठरायच्या आधीचं हे बांधकाम, असं अभ्यासक त्यावरून सांगतात. तुम्ही वेलाकडे पाठ करून देव बघतो तिकडे बघत उभे राहता. समुद्र उजव्या हाताला आहे. अजून तरी शांत आहे.