हरवलेला ‘सावकारी पाश’



मागच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वही बंद केली आणि गप्पा सिनेमावर आल्या. एक आजी म्हणाल्या, “कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यावर कधी कुणी सिनेमा काढला का?” आजी, काढला होता. शंभर वर्षांपूर्वी. पण आज तो कुणालाच पाहता येत नाही.

१९२५ साली कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीत ‘सावकारी पाश’ हा मूकपट केला. गोष्ट नारायण हरी आपटे यांची. त्या काळी पडद्यावर बहुधा देव आणि राजे दिसत. पेंटरांनी गरीब शेतकरी दाखवला. सावकार त्याची जमीन गिळतो आणि तो शहरात जाऊन गिरणी कामगार होतो. या तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले. पुढे ते मोठे दिग्दर्शक झाले. चित्रपटाला आवाज नव्हता, तरी त्यातली अंधारी झोपडी आणि विव्हळणारे कुत्रे पाहणाऱ्यांच्या मनात राहिले.

ही गोष्ट आपल्याला परकी नाही. अमळनेरची प्रताप मिल, जळगावची खानदेश मिल, तिथे राबलेल्या कितीतरी माणसांचे मूळ शेतातच होते.

मग सिनेमा गेला कुठे? तेव्हाची फिल्म लवकर पेट घ्यायची, दमट हवेत कुजायची. तिच्यात चांदी असे, म्हणून जुनी रिळे ती काढून घेण्यासाठी विकलीही जात. पुण्याचे राष्ट्रीय फिल्म संग्रहालय सुरू झाले १९६४ साली. तोवर फार उशीर झाला होता. पेंटरांनी १९३६ साली हीच गोष्ट बोलपटात पुन्हा सांगितली, पण पहिला चित्रपट गेला तो गेलाच.

आणखी एक आठवण. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्या कागदांत काय लिहिले आहे, हे अनेकांना वाचता येत नव्हते. अंगठा मात्र त्यांचाच होता.

आपण कागद जाळायचे नाहीत, वाचायचे. आमच्या गटातल्या एका ताईंनी अडचणीच्या वेळी एका खासगी सावकाराला कोऱ्या स्टँपपेपरवर सही दिली होती. पैसे फेडले, पण पावती एकही नव्हती. तो कागद परत मिळवताना आम्हा सगळ्यांची दमछाक झाली.

म्हणून बहिणींनो, सावकाराकडे परवाना आहे का, ते आधी विचारा. कोऱ्या कागदावर सही नको. प्रत्येक हप्त्याची पावती घ्या. बेकायदा सावकारीत जमीन गेली असेल, तर महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला असावा लागतो.

जपून ठेवला नाही म्हणून एक चांगला सिनेमा गेला. आपल्या पावत्या आणि गटाची वही तशी जाऊ देऊ नका. आज घरी गेल्यावर पेटी उघडून एकदा बघाच.