संमतीपत्रावर सही कोणाची?

पीटर डिकिन्सन यांची ‘ईव्हा’ ही कादंबरी १९८८ साली आली. अपघातानंतर शुद्धीवर आलेल्या तेरा वर्षांच्या ईव्हाला आरशात चिंपांझीचा चेहरा दिसतो. तिचे शरीर वाचण्यासारखे नव्हते, म्हणून तिची जाणीव केली नावाच्या चिंपांझी मादीच्या मेंदूत उतरवलेली असते. ईव्हा माणूस की वानर, हा प्रश्न वाचकाला पडतोच. मला त्याहून बोचतो तो दुसरा: होकार कोणी दिला? आईवडिलांनी. ईव्हा बेशुद्ध होती, आणि केलीला विचारणार कोण?

इंग्रजीतल्या या कुमार-विज्ञानकथा मी कालक्रमाने वाचत गेलो. ‘फ्रँकेनस्टाइन’मध्ये (१८१८) दोष प्रयोग करणाऱ्याच्या माथी येतो. इथे वेडा शास्त्रज्ञ फारसा भेटत नाही. भेटतो तो कायदा. डॉली मेंढीची बातमी १९९७ ची. पाच वर्षांनी नॅन्सी फार्मर यांची ‘द हाउस ऑफ द स्कॉर्पियन’ आली. तिच्यातला मॅट हा एका म्हाताऱ्या अफूसम्राटाचा क्लोन, अवयवांसाठी गायीच्या गर्भात वाढवलेला. तळपायावर मालकीचा शिक्का. कायद्याच्या लेखी तो माणूस नाही. पण मूळ मनुष्य मरताच तोच कायदा त्याला माणूस ठरवतो. मॅटमध्ये त्या रात्रीत तसूभरही फरक पडलेला नसतो!

नील शस्टरमन यांच्या ‘अनवाइंड’मध्ये (२००७) तेरा ते अठरा वयाच्या मुलाला ‘सुटे’ करण्याच्या कागदावर आईबाप सही करू शकतात. त्याचा जवळजवळ प्रत्येक अवयव दुसऱ्या कुणात जगतो, सबब हा मृत्यू नव्हे, असा युक्तिवाद.

व्याख्या बदलण्याला खरा इतिहास आहे. डिसेंबर १९६७ मध्ये ख्रिस्तिआन बर्नार्ड यांनी केपटाउनला हृदयाचे प्रत्यारोपण केले. ऑगस्ट १९६८ मध्ये हार्वर्डच्या समितीने कायमची बेशुद्धी हा मृत्यूचा नवा निकष मांडला. जुन्या निकषामुळे प्रत्यारोपणासाठी अवयव मिळवताना वाद होतात, हे एक कारण अहवालाने स्वतःच उघड नोंदवले होते. यात कट होता असे मी मानत नाही. या निकषाने असंख्य जीव वाचले. पण व्याख्येमागे गरजही उभी होती, एवढे खरे.

आपला अवयवप्रत्यारोपण कायदा १९९४ चा. तो प्रथम लागू झाला तो महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेशात, ४ फेब्रुवारी १९९५ पासून. अठराखालचे मूल मेंदूमृत झाले तर आई किंवा वडील संमती देऊ शकतात. जिवंत अल्पवयीनाचे अवयव काढण्यावर मात्र २०११ च्या दुरुस्तीने बंधन घातले. म्हणजे शस्टरमनच्या जगाच्या नेमके उलट. तरीही मुलाच्या स्वतःच्या इच्छेला या कागदात रकाना कुठे, हे मला कळलेले नाही.

मेरी पिअर्सन यांच्या ‘द अडोरेशन ऑफ जेना फॉक्स’मध्ये (२००८) सतरा वर्षांच्या जेनाचा मूळ मेंदू दहा टक्केच उरला आहे, बाकीची ती वडिलांनी घडवलेली. तिच्या मनाची एक राखीव प्रतही त्यांनी ठेवली आहे, आणि त्याच अपघातात गेलेल्या तिच्या दोन मित्रांच्या मनाच्याही. अखेरीस जेना तिन्ही प्रती तळ्यात बुडवते. स्वतःपुरता तो तिचा हक्क. त्या दोघांना हेच हवे असणार अशी तिची खात्री होती. तिच्या आईवडिलांचीही तिच्याबद्दल तशीच खात्री होती.