सोर्स कोडपासून ‘ॲप्ट’पर्यंत

लिनक्सच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत बहुतेक प्रोग्रॅम सोर्स कोडच्या रूपातच मिळत. कोड उतरवून घ्यायचा, आपल्या यंत्रावर कंपाइल करायचा आणि तयार झालेल्या फायली जागच्या जागी ठेवायच्या, असा सगळा खटाटोप असे. लागणारी एखादी लायब्ररी नसली की काम तिथेच अडे. ती शोधून आणावी, तर तिला आणखी तिसरीच हवी असे. प्रोग्रॅम काढून टाकणे त्याहून कठीण, कारण कोणती फाइल कोणाची याची नोंदच नसे.

ऑगस्ट १९९३ मध्ये इयन मरडॉक याने लिनक्सचे वितरण घडवणारा डेबियन प्रकल्प जाहीर केला. डेबियनच्या ‘डीपीकेजी’ या, प्रोग्रॅम तयार पॅकेजच्या रूपात बसवणाऱ्या साधनाचा मुख्य भाग इयन जॅक्सन याने १९९४ मध्ये सी भाषेत नव्याने लिहिला. प्रत्येक पॅकेजसोबत नाव, आवृत्ती आणि त्याला लागणारी इतर पॅकेजेस यांची नोंद येऊ लागली. रेड हॅट या दुसऱ्या वितरणाचे तसेच साधन ‘आरपीएम’ १९९५ चे. काय कमी आहे हे दोन्ही साधने अचूक सांगत, पण ते आणून मात्र देत नसत. डेबियनमध्ये ‘डीसिलेक्ट’ ही उणीव भरून काढी खरे; मात्र त्यातल्या कळा लक्षात ठेवता ठेवता नवखा माणूस मेटाकुटीला येई.

मार्च १९९९ मध्ये आलेल्या डेबियन २.१ मध्ये ‘ॲप्ट’ होते. ते पॅकेजेसच्या भांडाराची सूची वाचून काय काय लागेल याचा हिशेब करी, सगळे उतरवून घेई आणि योग्य क्रमाने डीपीकेजीच्या हाती देई. याचे श्रेय सहसा एकट्या ॲप्टला मिळते, ते अर्धेच खरे. सुमारे सव्वादोन हजार पॅकेजेसच्या अवलंबनांची नोंद शेकडो स्वयंसेवक एकाच नियमावलीनुसार करत होते. त्या नोंदी चुकल्या असत्या, तर ॲप्टचा हिशेबही चुकलाच असता.

आरपीएमच्या जगात हेच काम पुढे ड्यूक विद्यापीठात घडलेल्या ‘यम’ने केले. पॅकेजेसच्या परस्परविरोधी अटींतून मेळ बसवणे हे गणितीदृष्ट्या अतिशय अवघड कोडे असल्याचेही संशोधकांनी सिद्ध केले; २००८ च्या ओपनसुसे ११.० या वितरणाने त्यासाठी तर्कशास्त्रातली सॅट सॉल्व्हरची पद्धत वापरली.

डेबियनच्या भांडारामागे नियमावली होती; जावास्क्रिप्टच्या ‘एनपीएम’ या पॅकेज-भांडारात मात्र कोणीही पॅकेज चढवावे आणि काढूनही घ्यावे, अशी मोकळीक होती. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतले आणि त्यावर थेट वा आडून विसंबलेल्या असंख्य प्रकल्पांची बांधणी कोलमडली. काही तासांत ते परत ठेवण्यात आले. त्यानंतर एनपीएमने पॅकेज काढून घेण्यावर बंधने घातली.