नळातले विष, धुराड्यातले विष

ब्रिटनमधल्या घरांत भिंतीतल्या जुन्या कोळशाच्या चुलाण्याच्या जागी बसवलेली गॅसची शेगडी थंडीत बैठकीची खोली ऊबदार ठेवते. तिच्या इतिहासाबद्दल एक समज रूढ आहे: पूर्वीचा गॅस विषारी होता, मग समुद्रातला स्वच्छ गॅस आला आणि प्रश्न मिटला. हा समज अर्धाच खरा आहे. गॅस बदलला तेव्हा धोका नळातून निघाला आणि धुराड्यात जाऊन बसला. नळातला धोका मुळाशीच दूर करता आला. धुराड्यातला मात्र घरोघरी जाऊन, शेगडी हलवूनच पाहावा लागतो.

विल्यम मर्डॉकने 1792 मध्ये कॉर्नवॉलमधल्या रेडरुथच्या घरात गॅसचा दिवा लावला आणि 1812 मध्ये लंडनच्या गॅस लाइट अँड कोक कंपनीला सनद मिळाली. दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून काढलेल्या या गॅसमध्ये मुख्यतः हायड्रोजन आणि मिथेन असे, आणि जोडीला जीवघेणा कार्बन मोनॉक्साइड. 1850 च्या दशकात बुन्सेनच्या बर्नरने हवा आधीच मिसळून निळी, कडक ज्योत मिळवून दिली आणि प्रकाशासाठी आलेला गॅस ऊब देऊ लागला. पुढे ज्योतीवर भाजलेल्या मातीचे तुकडे ठेवण्याची रीत पडली. ते लालबुंद होऊन खोलीभर उष्णता फेकत. तरी बहुतेक घरांत कोळसाच जळत राहिला. डिसेंबर 1952 मध्ये लंडनवर विषारी धुके उतरले, हजारो माणसे दगावली आणि 1956 मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. त्यानंतर जुन्या चुलाण्यांत गॅसच्या शेगड्या बसू लागल्या. धुराडे तेच राहिले, पण कोळशाची काजळी थांबल्यावर ते साफ करून घेण्याचे कारणच कुणाला उरले नाही.

1967 मध्ये उत्तर समुद्रातला नैसर्गिक गॅस किनाऱ्याला लागला. 1977 पर्यंत एक कोटीहून अधिक घरांतल्या शेगड्या, चुली आणि गीझर या गॅससाठी बदलून घेतले गेले. एवढे मोठे काम एका दशकात उरकणे हा थोरच पराक्रम होता. या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड नव्हता. पण एक भाग कोळसा-गॅस जाळायला साधारण साडेचार-पाच भाग हवा पुरे, तर एक भाग मिथेनला जवळजवळ दहा भाग लागते. हवा कमी पडली की ज्योत पिवळी पडते, काजळी धरते आणि तोच विषारी वायू आता खोलीतच तयार होतो. कोळसा-गॅस गळला तर घाण वासाने कळे. नैसर्गिक गॅसमध्येही मुद्दाम वास घालतात, पण तो ज्योतीत जळून जातो. ज्वलनातून निघालेल्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. त्यातच घरांच्या फटी बुजल्या, दुहेरी काचांच्या खिडक्या आल्या आणि हवेच्या वाटा अरुंद झाल्या.

16 मे 1968 रोजी लंडनमधल्या रोनन पॉइंट या बावीस मजली इमारतीत गॅसचा स्फोट झाला, एक कोपरा वरपासून खालपर्यंत ढासळला आणि चौघे दगावले. कारण चुलीच्या जोडणीतल्या सदोष नटाचे होते, धुराड्याचे नव्हे. पण या घटनेनंतर 1970 मध्ये गॅस-कारागिरांची नोंदणी सुरू झाली, 1991 मध्ये ती सक्तीची झाली. 1998 च्या नियमांनी भाड्याच्या घरांतल्या गॅस-उपकरणांची दर बारा महिन्यांनी तपासणी घरमालकावर बंधनकारक ठेवली. शेगडीची ही तपासणी पाहण्याजोगी असते. कारागीर शेगडी भिंतीपासून ओढून मागचा पत्रा काढतो आणि धुराड्याच्या तळाशी पडलेले विटांचे तुकडे, चुना, पक्ष्यांनी आणलेल्या काटक्या उपसतो. मातीचे निखारे ठरल्या जागी आहेत का ते बघतो, कारण एकही वेडावाकडा बसला तरी ज्योत त्याला थडकून काजळी धरते. मग दारे-खिडक्या लावून, शेगडी तापल्यावर, धूर सोडणारी काडी तिच्या वरच्या कडेशी धरतो. धूर आत ओढला गेला तर ठीक. खोलीत परतला तर शेगडी बंद.

यावर एक आक्षेप वजनदार आहे: विषबाधेचे मृत्यू घटले ते गॅस बदलल्यामुळे, तपासणीमुळे नव्हे. मोठी घट गॅसमुळेच झाली, हे मान्यच करायला हवे. पण ते श्रेय एकदाच मिळण्यासारखे होते. बुजलेले धुराडे शुद्ध मिथेनलाही घातक बनवते, आणि धुराडे पुन्हापुन्हा बुजते. दुसरे म्हणणे असे की आता कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र मिळते, मग कारागीर कशाला? यंत्र जरूर लावावे. मात्र ते वाजते तेव्हा विष खोलीत आलेले असते, आणि ते का आले हे त्याला सांगता येत नाही. खरी उणीव कायद्यातच आहे: स्वतःच्या घरात राहणाऱ्यावर वार्षिक तपासणीची सक्ती नाही, आणि ज्योत निळी दिसते तोवर घरधनी निर्धास्त असतो.

महाराष्ट्राशी या कथेचा धागा गीझरमधून जुळतो. बेंजामिन मॉनने 1868 मध्ये लंडनला गॅसवर पाणी तापवणारे पहिले घरगुती गीझर केले. त्याला धुराडेच नव्हते. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटांत लहानशा, खिडकी लावलेल्या बाथरूममध्ये गॅस गीझर चालतो तेव्हा रसायन तेच घडते, आणि कोळशाचे धुराडे कधी न पाहिलेल्या घरातही माणूस अंघोळ करता करता कोसळतो.