बिलाचे ८१ रकाने

आमच्या पुण्यातल्या ऑफिसात रात्रपाळी अमेरिकेच्या घड्याळावर चालते. तिथल्या हॉस्पिटलांचे अडकलेले क्लेम विमा कंपन्यांना फोन करून सोडवायचे. याला आमच्यात एआर कॉलिंग म्हणतात. नव्या पोरांना मी आधी हॉस्पिटलच्या बिलाचा यूबी-०४ फॉर्म दाखवते. रकाने ८१. ऑपरेशन अलास्कात झालेलं असो वा फ्लोरिडात, कोणत्या रकान्यात काय लिहायचं ते ठरलेलं.

ही शिस्त जुनी आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने उपचारांना कोड दिले १९६६ मध्ये. एकसमान बिलासाठी राष्ट्रीय समिती बसली १९७५ मध्ये, आणि १९८२ मध्ये यूबी-८२ आला.

ज्याला बिल भरताच येत नाही त्याच्या बाबतीत मात्र सगळं मोघम. १९४६ च्या हिल-बर्टन कायद्याने हॉस्पिटलं बांधायला सरकारी पैसा दिला आणि ऐपत नसलेल्यांवर ‘वाजवी प्रमाणात’ मोफत उपचारांची अट घातली. वाजवी म्हणजे किती? पंचवीसेक वर्षं सरकारने सांगितलं नाही. हॉस्पिटलं कशाला विचारतील! न्यू ऑर्लीन्सचे गरीब रुग्ण १९७० मध्ये कोर्टात गेले, त्यानंतर कुठे नियमांत आकडा आला: वर्षाच्या चालू खर्चाच्या ३ टक्के किंवा मिळालेल्या मदतीच्या १० टक्के, जे कमी असेल ते.

२०१० च्या आरोग्य कायद्याने करमाफी घेणाऱ्या हॉस्पिटलांना सवलतीचं धोरण लेखी मांडायला लावलं. पहिल्या बिलापासून १२० दिवस दावा लावायचा नाही, थकबाकी क्रेडिट रिपोर्टवर चढवायची नाही, हेही आलं. पण गरीब कोणाला म्हणायचं, ते पुन्हा हॉस्पिटलवरच सोडलं! आमच्या स्क्रीनवर त्याचा अर्थ रोज दिसतो. न भरलेली रक्कम ‘चॅरिटी’त टाकली तर माणूस सुटला, तीच ‘बॅड डेट’मध्ये गेली तर वसुली एजन्सीचे फोन सुरू. रुग्ण तोच, आजार तोच, खिसाही तितकाच रिकामा.

वैद्यकीय कर्ज म्हणजे नेमकं काय, हे राज्यं आता कुठे कायद्यात लिहू लागली आहेत. न्यूयॉर्कने डिसेंबर २०२३ मध्ये असं कर्ज क्रेडिट रिपोर्टमधून हद्दपार केलं. देशभरासाठीचा तसाच नियम जानेवारी २०२५ मध्ये निघाला आणि जुलैत टेक्सासच्या फेडरल कोर्टाने रद्द केला. न्यूयॉर्कच्या व्याख्येत खास उपचारांसाठी दिलेलं क्रेडिट कार्ड बसतं, साधं बसत नाही. म्हणजे रात्री इमर्जन्सीत ज्याने घाबरून पाकिटातलं नेहमीचं कार्ड पुढे केलं, त्याची थकबाकी कायद्याच्या लेखी टीव्हीच्या हप्त्यासारखीच.