मुळशीत टेस्ट राइड घेताय? दहा मिनिटांत काय तपासायचं आणि अपघात झाला तर भरपाई कोण देतं

चांदणी चौकातून पौड रस्त्याने बाहेर पडलं की भूगाव, भुकूम, मग पिरंगुटचा घाट, पुढे पौड आणि मुळशी धरण. या पट्ट्यात आणि तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला हिंजवडी-माणमध्ये राहणाऱ्या अनेकांचं रोजचं जाणं-येणं दुचाकीवरच असतं. तरीही गाडी घेताना लाख-दीड लाखांचा निर्णय बरेच जण दहा मिनिटांच्या फेरीवर घेतात. तीही शोरूमपासून पुढच्या चौकापर्यंत, सपाट रस्त्यावर, एकट्याने. रोजच्या वापरात मात्र घाट असतो, मागे कोणीतरी बसलेलं असतं आणि चार महिने पाऊस असतो.

या दहा मिनिटांचा नीट उपयोग कसा करायचा आणि त्या वेळात काही विपरीत घडलं तर जबाबदारी कोणाची, हे आधी माहीत असलेलं बरं.

नंबर नसलेली गाडी रस्त्यावर कशी चालते?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. विक्रेत्याच्या ताब्यातल्या गाड्यांना मात्र काही अटींवर सूट आहे. त्यासाठी विक्रेत्याला आरटीओकडून ‘ट्रेड सर्टिफिकेट’ घ्यावं लागतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ४१ मध्ये अशी गाडी कोणत्या कामांसाठी रस्त्यावर आणता येते, याची यादी आहे. गाडी घेऊ पाहणाऱ्या ग्राहकाला ती चालवून दाखवणं किंवा चालवायला देणं हे त्यातलंच एक काम.

अशा गाडीची नंबरप्लेट लाल असते आणि त्यावर पांढरी अक्षरं असतात. काही शोरूम टेस्ट राइडची गाडी रीतसर नोंदवून घेतात, तेव्हा तिच्यावर नेहमीची नंबरप्लेट दिसते. यांपैकी काहीच नसेल, तर ती गाडी घेऊन रस्त्यावर उतरू नये.

लायसन कोणतं लागतं?

इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. विनागिअर दुचाकीचं लायसन स्कूटरसाठी चालतं, गिअरच्या मोटरसायकलसाठी चालत नाही. अनेक वर्षं स्कूटर चालवणाऱ्याकडे एवढंच लायसन असेल, तर मोटरसायकलची टेस्ट राइड त्याच्यासाठी विनालायसन चालवण्यासारखीच आहे. कायद्यात यासाठी ५,००० रुपये दंड आहे. लायसन नसलेल्याच्या हातात गाडी देणाऱ्यालाही वेगळा दंड होतो. म्हणूनच शोरूममध्ये आधी पक्कं लायसन मागतात आणि त्याची प्रत ठेवून घेतात.

अठरा वर्षांखालच्या मुलाने ‘फक्त एक चक्कर’ मारली, तरी कलम १९९-अ लागू होऊ शकतं. त्यात पालक किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

हेल्मेट टेस्ट राइडलाही सक्तीचं आहे. शक्यतो स्वतःचंच न्यावं. शोरूममधलं हेल्मेट डोक्याला घट्ट बसेलच असं नाही आणि सैल हेल्मेट पडल्यावर निघून जातं.

बसण्याआधी काय बघायचं?

इंजिनजवळ हात नेऊन बघा. गाडी आधीच गरम असेल, तर ती थंड असताना कशी सुरू होते हे कळणार नाही. शक्य असेल तर सकाळी शोरूम उघडल्यावरची वेळ घ्या.

त्यानंतर गाडी बंद ठेवून तिच्यावर बसा. दोन्ही पाय टेकतात का हे बघताना सीटच्या उंचीइतकाच वजनाचाही विचार करा. स्प्लेंडर प्लसच्या सीटची उंची ७८५ मिमी आहे, क्लासिक ३५० ची ८०५ मिमी. फरक जेमतेम दोन सेंटिमीटरचा. पण पहिलीचं वजन साधारण ११२ किलो आणि दुसरीचं १९५ किलो. वाड्यातून किंवा सोसायटीच्या पार्किंगमधून रोज गाडी मागे ओढून काढायची असेल, तर हा ८३ किलोंचा फरक दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त महत्त्वाचा. त्यामुळे गाडी मुख्य स्टँडवर लावून बघा, खाली उतरून मागे ढकलून बघा.

रस्त्यावर काय तपासायचं?

शोरूमचा मार्ग ठरलेला असतो, पण आधी विचारलं तर तो थोडा बदलता येतो. सोबत शोरूमचा माणूस यायला तयार असेल, तर चढ असलेला रस्ता मागा.

चढावर थांबून पुन्हा निघा. पिरंगुटच्या घाटात पुढचा ट्रक थांबला की मागच्या दुचाकीला अर्ध्या क्लचवर पुन्हा उचल घ्यावी लागते. तिथे गाडी मागे येते का, इंजिन बंद पडतं का, क्लच दाबून बोटं दुखतात का, हे चढावरच कळतं.

मागच्या सीटवर माणूस बसवा. गाडी दोघांनी वापरायची असेल, तर त्याच माणसाला सोबत न्या आणि आधी परवानगी घ्या. जादा वजनाने पिकअप, ब्रेक आणि शॉकअप तिन्ही बदलतात. मागे बसणाऱ्याचे पाय सायलेन्सरजवळ जातात का, धरायला नीट जागा आहे का, हेही विचारा. साडी नेसणाऱ्या बाईला एका बाजूला पाय घेऊन बसता येतं का, हे बसूनच बघावं लागतं.

ब्रेक मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना, ताशी साधारण ३० किमी वेगाला तपासा. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं आहे. सिंगल चॅनल एबीएस असेल, तर ते फक्त पुढच्या चाकावर काम करतं. मागचा ब्रेक जोरात दाबल्यास मागचं चाक लॉक होऊ शकतं. ताम्हिणी घाट राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या भागांत मोडतो. त्या रस्त्यावर पावसाळ्यात जाणाऱ्यांनी सिंगल की ड्युअल, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

गतिरोधकावरून आणि खराब रस्त्यावरून सावकाश जा. कंबरेला दणका बसतो का, हँडल थरथरतं का, आरसे हलून मागचं दिसेनासं होतं का, बघा. शेवटी अरुंद जागेत पूर्ण वळण घ्या.

टेस्ट राइडमध्ये काय कळत नाही?

मायलेज. जाहिरातीतला ‘एआरएआय मायलेज’ हा आकडा प्रयोगशाळेत ठरावीक पद्धतीने घेतलेल्या चाचणीतून येतो. ही चाचणी करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया पुण्यातच, कोथरूडला वेताळ टेकडीवर आहे. घाट, ट्रॅफिक आणि डबल सीट यांत तो आकडा खाली येतो. तीच गाडी तुमच्याच रस्त्यावर चालवणाऱ्या ओळखीच्या माणसाला विचारणं हा त्यावरचा साधा उपाय.

शिवाय टेस्ट राइडची गाडी अनेकांच्या हातून गेलेली असते. तिची चेन वाजते म्हणून नवी गाडी वाजेल असं नाही आणि ती छान चालली म्हणून तुमच्या वाट्याची गाडी न तपासता घ्यावी असंही नाही. डिलिव्हरीच्या वेळी किलोमीटरचा आकडा, चासी आणि इंजिन नंबर कागदाशी जुळवून बघा. तात्पुरती किंवा कायम नोंदणी झाल्याशिवाय विक्रेत्याने गाडी ताब्यात देऊ नये, असा नियमच आहे.

अपघात झाला तर?

इथे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत.

पहिला, समोरच्याला लागलं तर. त्याची भरपाई टेस्ट राइडच्या गाडीच्या थर्ड पार्टी विम्यातून मिळते. हा विमा गाडीला असणं सक्तीचं आहे. मात्र चालवणाऱ्याकडे योग्य लायसन नसेल, तर विमा कंपनी जखमीला पैसे देऊन नंतर ते गाडीमालकाकडून वसूल करू शकते. मग मालक चालवणाऱ्याच्या मागे लागतो.

दुसरा, गाडीचं नुकसान झालं तर. टेस्ट राइडआधी सही घेतलेल्या फॉर्ममध्ये हे बहुधा लिहिलेलं असतं. ‘सर्व नुकसानीस ग्राहक जबाबदार’ असं वाक्य असेल, तर गाडीला पूर्ण विमा आहे का आणि विम्यात न बसणारा खर्च कोण देणार, हे सहीआधी विचारा.

तिसरा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो: चालवणाऱ्यालाच लागलं तर? विम्यासोबत घेतलं जाणारं १५ लाखांचं सक्तीचं अपघात संरक्षण फक्त गाडीच्या मालक-चालकासाठी असतं. टेस्ट राइड घेणारा मालक नसतो. सर्वोच्च न्यायालयाने निंगम्मा विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या २००९ च्या निकालात म्हटलं की दुसऱ्याची मोटरसायकल मागून घेऊन चालवणारा मालकाच्या जागी उभा असतो. त्यामुळे तेव्हाच्या कलम १६३-अ खाली त्याच गाडीच्या विम्याकडे भरपाई मागता येत नव्हती. २०२० मध्ये रामखिलाडी प्रकरणातही हेच तत्त्व कायम राहिलं. ही दोन्ही प्रकरणं टेस्ट राइडची नव्हती, पण गाडी दुसऱ्याची असणं ही बाब तीच आहे. चूक दुसऱ्या वाहनाची असेल, तर त्या वाहनाच्या विम्याकडे दावा करता येतो. गाडी स्वतःच घसरून पडली, तर दवाखान्याचा खर्च खिशातूनच जाण्याची शक्यता जास्त.

म्हणून स्वतःचा अपघात विमा असणं चांगलं. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून मिळणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा गाडी कोणाची हे बघत नाही. त्यात अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख आणि अंशतः अपंगत्वाला १ लाख रुपये मिळतात. दवाखान्याचं बिल मात्र त्यात बसत नाही. त्यासाठी आरोग्य विमाच लागतो.

निघण्याआधी विचारायचे चार प्रश्न

१. गाडीला ट्रेड सर्टिफिकेट किंवा नोंदणी आहे का?
२. विमा चालू आहे का, आणि पूर्ण की फक्त थर्ड पार्टी?
३. पडझड झाली तर खर्च कोणाचा, आणि ते फॉर्मवर लिहिलंय का?
४. चढाच्या रस्त्यावर, मागे माणूस बसवून नेता येईल का?

चौथ्याला नकार मिळाला, तर दुसऱ्या शोरूममध्ये विचारून बघायला हरकत नाही. पहिल्या तीन प्रश्नांना सरळ उत्तर मिळत नसेल, तर ती गाडी न चालवलेलीच बरी.